मदत हवी आहे : विजयदुर्ग-सिंधुदुर्गावर शिक्षकांसाठी इतिहासाची उन्हाळी कार्यशाळा

नमस्कार.

देवगड आणि मालवण तालुक्यांतील आम्ही काही शिक्षक येत्या मे महिन्याच्या सुट्टीत इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी एक निवासी कार्यशाळा घेण्याच्या विचारात आहोत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. आणि तरीही आमच्या मुलांना हे किल्ले सहलीपुरतेच ठाऊक असावेत, याचे वाईट वाटते.

किल्ल्यावर नेऊन व्याख्यान ऐकवायचे आणि परत आणायचे, एवढेच आम्हाला करायचे नाही. तट, बुरूज, जंग्या (तटातून मारा करण्यासाठी ठेवलेली छिद्रे), विहिरी आणि खाडीचे मुख पाहून शिक्षकांनी स्वतः प्रश्न काढावेत, त्यांची उत्तरे कागदपत्रांत शोधावीत आणि त्यातून आपल्या वर्गासाठी पाठ तयार करावा, अशी इच्छा आहे. सिंधुदुर्गाचे बांधकाम १६६४ मध्ये कुरटे बेटावर सुरू झाले. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आतल्या दूधविहीर, साखरविहीर आणि दहीविहीर यांना गोडे पाणी कसे, या एका प्रश्नावर इतिहास आणि भूगोल दोन्ही विषयांचे शिक्षक एकत्र काम करू शकतील.

माझी खरी अडचण विजयदुर्गाविषयी आहे. तिथल्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध लावला, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. नोंदी मात्र असे सांगतात की त्या ग्रहणाचे निरीक्षण फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून केले, तर लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच सूर्याच्या वर्णपटाचा अभ्यास केला. पुरावा तपासण्याचा याहून चांगला पाठ मला सुचत नाही. परंतु गावातील जाणत्या मंडळींसमोर, त्यांचा मान राखून, हा विषय कसा मांडावा? ही कथा कशी रुजली असावी, हाच प्रश्न शिक्षकांना द्यावा, असे मला वाटते. आपला अनुभव काय सांगतो?

दुसरा विषय १७५६ चा. पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत कोकणातील आरमारी सरदार तुळाजी आंग्र्यांचा विजयदुर्ग पडला आणि त्यांचे आरमार जळाले. वर्गात हा प्रसंग बहुधा एका वाक्यात आटोपतो, आणि मला ते योग्य वाटत नाही. आंग्रे, पेशवे आणि इंग्रज या तिन्ही बाजूंची छोटी, वाचायला सोपी मूळ पत्रे एकत्र मिळतील असा संग्रह कोणी सुचवू शकेल का? मोडी वाचून दाखवणारे आणि शिक्षकांना दोन तासांत तिची तोंडओळख करून देणारे कोणी रत्नागिरी-सिंधुदुर्गात असल्यास तेही कळवावे.

व्यवस्थेचे थोडक्यात विचारतो. मालवण जेटीवरून सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या पावसाच्या तोंडावर बंद होतात, म्हणून आम्ही मेचा पहिला पंधरवडा धरला आहे. उन्हामुळे किल्ल्यावरचे काम सकाळी दहाच्या आत संपवून दुपारी छपराखाली वाचन ठेवणार आहोत. गट करून तटाची मापे घेणे आणि आराखडे काढणे यासाठी पुरातत्त्व खात्याकडे लेखी अर्ज किती आधी करावा लागतो, आणि एका बुरुजापाशी किती जणांचा गट नीट काम करतो, हे अशी शिबिरे घेतलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.