सांगली : तिसऱ्याला मत म्हणजे वाया मत? ज्यांनी हे पसरवलं त्यांना उत्तर

कृष्णाकाठ (२४ एप्रिल २०२४)

काल गावच्या ग्रुपवर मेसेज आला : 'लिफाफ्याला मत म्हणजे कमळाला मत. बंडखोर हा भाजपचाच माणूस.' लिफाफा म्हणजे तिकीट न मिळाल्यानं अपक्ष उभे राहिलेले काँग्रेसचे विशाल पाटील, वसंतदादांचे नातू. पाठवणारे आमच्याच गल्लीतले, त्यामुळं जास्त लागलं. म्हणून लिहितोय.

१९६२ पासून २०१४ पर्यंत सांगलीनं काँग्रेसशिवाय दुसरा खासदार दिल्लीला पाठवला नाही. आजही या मतदारसंघात पलूस-कडेगाव आणि जत ही दोन काँग्रेसची, तासगाव-कवठेमहांकाळ पवारसाहेबांच्या राष्ट्रवादीचं. मशालीचा, म्हणजे उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचा, आमदार एकही नाही. तरी २१ मार्चला मिरजेच्या सभेत ठाकरेंनी पैलवान चंद्रहार पाटलांचं नाव जाहीर करून टाकलं. महाविकास आघाडीत काँग्रेसची जागावाटपाची बोलणी तेव्हा चालूच होती. मग घर कुणी फोडलं?

आणि हे दुसऱ्यांदा झालंय. २०१९ ला जागा राजू शेट्टींच्या स्वाभिमानी पक्षाला सोडली, विशाल पाटलांना त्यांचं बॅट चिन्ह घेऊन उभं राहावं लागलं. माझी आई ७४ वर्षांची. मतदान करून आली आणि दारातच म्हणाली, "हात दिसलाच न्हाई रं, लई हुडकला." मागं रांग ओरडायला लागली म्हणून कुठलं बटण दाबलं ते तिला आजही सांगता येत नाही. यंदाही हात नाहीच. वसंतदादांच्या गावात हाताचं चिन्ह नाही, आणि बंडखोर आम्ही?

मिरजेची मशाल

दादा, आईचं ऐकून वाईट वाटलं. पण अर्धीच गोष्ट सांगताय. कोल्हापूर आमची जागा होती, २०१९ ला धनुष्यबाणावर जिंकलेली. ती काँग्रेसच्या शाहू महाराजांसाठी सोडली, म्हणून सांगली मागितली. माझा मेहुणा कागलचा, तीस वर्षं शिवसैनिक. आज उन्हात हाताची पत्रकं वाटत फिरतोय. त्याला नसेल का वाईट वाटत? त्यानं नाही केलं बंड.

आता २०१९ चे आकडे काढा. भाजपचे संजयकाका पाटील ५,०८,९९५. विशाल पाटील ३,४४,६४३. वंचित बहुजन आघाडीचे पडळकर ३,००,२३४. पडलेल्या दोघांची बेरीज साडेसहा लाखांच्या घरात जाते, आणि खासदार कोण झाला? पुन्हा तेच करायचंय का?

भीमनगर

बेरीज करताना ते ३ लाख लोक तुमच्या मालकीचे होते असं धरून चालता, यावरच माझा राग आहे. २०१९ ला सोलापुरात सुशीलकुमार शिंदे १,५८,६०८ मतांनी पडले आणि वंचितच्या बाळासाहेब आंबेडकरांना १,७०,००७ मिळाली. तेव्हापासून पाच वर्षं आम्ही ऐकतोय, 'तुम्ही पाडलं.' आमच्या वस्तीत त्याआधी मत मागायला कोण आलं होतं, ते कुणी विचारत नाही. मत आमचं होतं, आम्ही दिलं. खाल्लं काय म्हणता?

मिरजेची मशाल

आणि ज्याला दिलंत तो सहा महिन्यांच्या आत कुठं गेला? भाजपच्या तिकिटावर बारामतीला उभा राहिला. ३ लाख माणसांच्या भरवशाचं काय झालं?

भीमनगर

ते खरं आहे. माझ्या थोरल्या भावानं उसनं काढून प्रचाराला गाडी लावली होती, तो त्या दिवशी जेवला नाही. कबूल. पण पक्ष बदलणारे फक्त वंचितमध्येच होते का? संजयकाका २०१४ च्या आधी कुठं होते?

जत पूर्वभाग

तुमचं हात, मशाल, लिफाफा चालू द्या. इकडं पाण्याचं कोण बोलणार? म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी जतच्या ६५ गावांना नाही. प्रत्येक निवडणुकीत 'विस्तारित योजना'. २०२२ ला कर्नाटकचे मुख्यमंत्री बोम्मईंनी आमच्या ४० गावांवर हक्क सांगितला, तेव्हा कुठं मुंबईला कळलं की जत नावाचा तालुका आहे. माझी दीड एकर द्राक्षबाग टँकरवर जगवली. एका खेपेला पैसे मोजायचे, ड्रिपच्या नळीला तोंड लावून बघायचं पाणी पोचतंय का. तिसऱ्या वर्षी बाग काढली. अँगल आणि तारा भंगारात घातल्या.

कृष्णाकाठ

भाऊ, म्हणूनच तर म्हणतोय, दिल्लीत बोलणारा खासदार पाहिजे.

जत पूर्वभाग

बावन्न वर्षं तुमचाच होता की! म्हैसाळचं पाणी चढवून कवठेमहांकाळपर्यंत आलं, तिथून पुढं आमच्यापर्यंत येता येता पुढाऱ्यांच्या दोन पिढ्या गेल्या. नदीकाठच्या माणसानं जतला भरवसा शिकवू नये.

तालीम विटा

म्हणून तर पैलवान पाहिजे. भाळवणीच्या शेतकऱ्याचं पोरगं, दोनदा महाराष्ट्र केसरी. मागं कारखाना नाही, आजोबा मुख्यमंत्री नाहीत. सांगलीत पाटलाच्या वाड्याबाहेरच्या कुणाला तिकीट मिळालं की लगेच 'अन्याय' का होतो?

कृष्णाकाठ

वाड्याचा विषय काढू नका. २०१४ ला विशालचे भाऊ प्रतीक पाटील केंद्रात मंत्री राहून पडले, याच लोकांनी पाडले. घराण्याला आम्ही डोळे झाकून मत देत नाही. पैलवानांबद्दल आदरच आहे, पण मार्चमध्ये पक्षात आले आणि मार्चमध्येच उमेदवार. बूथवर बसायला माणसं कुठून आणणार?

तालीम विटा

तालमीतली पोरं बसतील. तुम्ही नका काळजी करू.

मिरजेची मशाल

एवढं मात्र मानतो, आमच्याकडून काँग्रेसच्या लोकांना आधी विश्वासात घ्यायला पाहिजे होतं. स्टेजवरून नाव ऐकून माझ्या बूथवरचा काँग्रेसवाला जो उठून गेला तो अजून फोन उचलत नाही. पण चूक झाली म्हणून ७ मे ला काकांना मोकळं रान द्यायचं का?

कृष्णाकाठ

मोकळं रान कुठाय? जतचे भाजपचे माजी आमदार जगतापच काकांच्या विरोधात उघड बोलतात. भांडण तिकडंही आहे. यंदा मतं फुटणार ती दोन्हीकडची. आणि आईला या वेळी लिफाफ्याचं चित्र दाखवून ठेवलंय. रोज सकाळी चहाच्या वेळी विचारतो, ती बोट ठेवून दाखवते.

जत पूर्वभाग

७ तारखेला आमच्याकडं टँकर सकाळी येतो. घागरी भरून झाल्या की मग बायका मतदानाला निघतील. तोवर जो येईल त्याला पाण्याचं विचारणार आहेत, चिन्ह कुठलंही असू दे.