टेलिफोनच्या त्याच तारेतून ब्रॉडबँडला इतका वेग कसा मिळतो?

जिज्ञासू_वाई
डायल-अप मोडेम टेलिफोनच्या तारेतून जास्तीत जास्त ५६ केबीपीएस (सेकंदाला ५६ हजार बिट) वेग देत असे. पुढे खांबावरून घरात आलेली तार तीच राहिली, तरी एडीएसएल (टेलिफोनच्या तारेवरचे ब्रॉडबँड तंत्र) मोडेम लावताच वेग एमबीपीएसमध्ये मोजला जाऊ लागला. तार बदललेली नसताना हे कसे साधले? शिवाय एक्स्चेंजला लागून राहणाऱ्या माझ्या मावशीकडे जो वेग मिळत असे, तो त्याच प्लॅनवर आमच्याकडे का मिळत नसे?

ताम्रतार
तारेची कुवत ५६ केबीपीएसपुरती कधीच नव्हती. अडसर एक्स्चेंजमध्ये होता. बोलणे समजण्यासाठी सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, म्हणून डिजिटल एक्स्चेंज त्यावरचे सारे गाळून टाकते आणि उरलेल्या आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिटांचे, घेते. गुणाकार केला की ६४ केबीपीएस येतात. डायल-अप म्हणजे शेवटी एक फोन कॉलच, त्यामुळे मोडेम कितीही चांगला असला तरी या आकड्यापलीकडे जाणे त्याला शक्य नव्हते.

एडीएसएल कॉल लावतच नाही. एक्स्चेंजमध्ये तुमच्या दोन तारांची जोडी आधी स्प्लिटरवर, म्हणजे कंप्रतेनुसार (फ्रिक्वेन्सीनुसार) संदेश वेगळे करणाऱ्या उपकरणावर, येते. तेथून आवाज नेहमीच्या यंत्रणेकडे जातो आणि वरच्या कंप्रता डीस्लॅम नावाच्या उपकरणाकडे वळतात. अशा रीतीने सुमारे १.१ मेगाहर्ट्झपर्यंतचा, एरवी पडीक असलेला पट्टा वापरता येतो. या पट्ट्याचे प्रत्येकी ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंदीचे २५६ कप्पे केलेले असतात, आणि खरी करामत या कप्प्यांतच आहे. मोडेम सुरू होताना दोन्ही टोके प्रत्येक कप्पा तपासतात आणि त्यात गोंगाटाच्या तुलनेत संदेश किती ठळक उरतो हे पाहून त्याला कमाल १५ बिट वाटून देतात. एखाद्या कप्प्यात रेडिओ केंद्राचा व्यत्यय असेल तर त्याच्या वाट्याला दोनच बिट येतात किंवा तो मोकळा सोडला जातो. या वाटपानुसार भरलेले कप्पे सेकंदाला सुमारे ४००० वेळा पाठवले जातात, म्हणजे भरलेला एक कप्पा एकट्यानेच ६० केबीपीएस वाहतो, जवळजवळ एका जुन्या डायल-अपइतके.

सह्याद्री७
वरील उत्तरात अंतराचा मुद्दा राहिला आहे. तांब्याच्या तारेत कंप्रता जितकी जास्त तितका संदेश लवकर क्षीण होतो, त्यामुळे अंतर वाढले की वरचे कप्पे आधी निकामी होतात. प्रत्येक जादा बिटासाठी साधारण ३ डेसिबल अधिक स्वच्छ संदेश लागतो, तेव्हा दोन किलोमीटर जादा तारेने काय होत असेल याचा अंदाज यावा. एडीएसएल२+ या सुधारित आवृत्तीने पट्टा २.२ मेगाहर्ट्झपर्यंत नेऊन २४ एमबीपीएसची सोय केली खरी, पण ती जाहिरातीतली सोय एक्स्चेंजजवळच्यांसाठीच होती. लांबच्या ग्राहकाकडे तो वरचा अर्धा पट्टा पोचतच नाही. व्हीडीएसएल२ या आणखी वेगवान तंत्रासाठी म्हणूनच बहुधा फायबर रस्त्यावरच्या कॅबिनेटपर्यंत आणून तांबे आखूड केले जाते.

अर्थात पूर्वीच्या प्लॅनमध्ये वेगाची मर्यादा पुष्कळदा कंपनीनेच घातलेली असे. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने २५६ केबीपीएसलाच ब्रॉडबँड म्हटले होते, आणि एवढा वेग बऱ्याच लांबच्या तारेवरही सहज मिळतो.

जिज्ञासू_वाई
दोघांचेही आभार. एडीएसएलमध्ये अपलोडचा वेग डाउनलोडपेक्षा इतका कमी ठेवण्याचे कारण काय? ग्राहक डाउनलोडच अधिक करतो, एवढेच?

ताम्रतार
तेही आहे, पण तांत्रिक कारण अधिक वजनदार आहे. एक्स्चेंजजवळ शेकडो जोड्या एकाच केबलमध्ये दाटीने असतात. लांबून थकून आलेला एका घराचा संदेश तेथे शेजारच्या जोडीवर जोरात निघणाऱ्या संदेशाखाली दबतो. दोन दिशांना वेगळे पट्टे दिले आणि घराकडून येणाऱ्या संदेशाला कमी झिजणाऱ्या खालच्या कंप्रता दिल्या, की ही अडचण पुष्कळ कमी होते. दोन दिशांचा वेग असमान ठेवण्याची ही कल्पना बेलकोर या अमेरिकी दूरध्वनी संशोधन संस्थेचे जोसेफ लेचलायडर यांनी मांडली.

डीपी_बॉक्स
थोडी भर घालतो. पावसाळ्यात जोडाला गंज चढून दोनपैकी एक तार तुटली, तर डायल टोन बंद पडतो, कारण फोनला पूर्ण वर्तुळातून वाहणारा प्रवाह लागतो. वरच्या कंप्रता मात्र तुटलेल्या जागेतूनही काही प्रमाणात पलीकडे पोचतात, त्यामुळे फोन मुका आणि इंटरनेट रखडत का होईना चालू, असा प्रकार दिसतो. अशा वेळी राउटर बदलण्याआधी तक्रार ‘फोन बंद’ म्हणूनच नोंदवावी, म्हणजे लाइनमन थेट तार तपासतो.