मदत हवी आहे: बाळाला जन्मजात सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूचा संसर्ग, सहा महिन्यांचं औषध द्यावं का?

नमस्कार. आम्ही तासगावचे. ताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे. बाळ अजून महिन्याचं नाही. डोकं लहान, प्लेटलेट्स कमी, म्हणून मिरजेत पेटीत ठेवलं होतं. बेरा तपासणीत (बाळाचं ऐकणं तपासतात ती) डाव्या कानाला कमी ऐकू येतंय असं निघालं. लघवीच्या पीसीआरमध्ये (विषाणू शोधायची तपासणी) सीएमव्ही सापडला. नमुना जन्मानंतर २१ दिवसांच्या आतला, म्हणजे संसर्ग पोटातलाच. डॉक्टर व्हॅलगॅन्सिक्लोविर हे विषाणूविरोधी औषध सहा महिने द्या म्हणतात, तेही महिन्याच्या आत सुरू करा.

साताऱ्याहून ताईच्या सासूबाईंचा रोज फोन: एवढ्याशा जिवाला असलं जहाल औषध कशाला? दाजी मधल्यामध्ये. मी शोधलं तर अमेरिकेतल्या किम्बरलिन यांचा २०१५ चा अभ्यास मिळाला. ९६ बाळं. सगळ्यांना सहा आठवडे औषध, पुढे सहा महिन्यांपर्यंत साधारण निम्म्यांना तेच, बाकीच्यांना प्लासिबो (औषध नसलेला नकली डोस). दोन वर्षांची झाल्यावर सहा महिनेवाली मुलं भाषेत आणि बोललेलं समजण्यात पुढे. ऐकण्यातला फायदा बेताचाच. पण औषध अजिबात न घेतलेलं बाळ त्यात एकही नाही, आणि सासूबाईंचा प्रश्न नेमका तोच!

शिवाय गोळी ४५० मिलिग्रॅमची, बाळाला द्यायची कशी? माझी बायको चौथ्या महिन्यात आहे, बाळाचं सगळं तीच बघते. तिला धोका आहे का?

प्रतिसाद (कराड):
आमच्या लेकीला सहा महिने दिलं. सासूबाईंना त्याच संशोधकांचा २००३ चा अभ्यास सांगा. एका गटाला शिरेतून गॅन्सिक्लोविर (याच औषधाचं मूळ रूप) सहा आठवडे, दुसऱ्याला काहीच नाही. सहा महिन्यांनी औषधवाल्या एकाही बाळाचं ऐकणं आणखी बिघडलं नव्हतं, बिनऔषधवाल्यांत ४१ टक्क्यांचं बिघडलं होतं. बाळं मोजकीच होती, हेही सांगा. जहालपणा खोटा नाही. पांढऱ्या पेशी घसरतात, आमचं औषध मध्ये थांबवलं होतं. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं, ते चुकवू नका.

गोळी घरी कुटू नका. पातळ औषध कुठे करून मिळेल ते डॉक्टरांनाच विचारा. डोस वजनावर असतो, वजन वाढलं की बदलून घ्या. वहिनींनी या औषधाला हातच लावू नये. लंगोटही दुसऱ्या कुणी बदलावेत, कारण लघवीत आणि लाळेत विषाणू वर्षानुवर्षं राहतो. बाळाला खुशाल घ्या म्हणावं, फक्त तोंडाचा पापा नको आणि हात साबणाने धुवायचे. त्यांच्या डॉक्टरांच्याही कानावर घाला.

धागाकर्ता:
आभारी आहे. लंगोट आजपासून माझ्याकडे. उजवा कान चांगला आहे, त्याची बेरा परत करायची का?

प्रतिसाद (कराड):
करायचीच. आमची दर तीन-चार महिन्यांनी चालू आहे. यात चांगला कानही नंतर उतरू शकतो.