मूळ स्क्रीन ठेवून साउंड अपग्रेड: मर्यादित बजेट नेमकं कुठे घालावं?

नवखा श्रोता

गाडी हॅचबॅक. कंपनीची टचस्क्रीन तशीच ठेवायची आहे, कारण रिव्हर्स कॅमेरा आणि स्टिअरिंगवरची बटणं तिच्याशी जोडलेली आहेत. चारही दारांत साडेसहा इंची जागा, त्यात मूळ कागदी कोनचे हलके स्पीकर. ट्वीटर नाहीत. आवाज निम्म्यापर्यंत ठीक, पुढे नेला की शब्द फाटतात, डग्गा नुसता ‘भद्द’ वाजतो आणि डोअर पॅड किरकिरतं.

कच्ची यादी: चारही दारांत ‘३५० वॅट’ लिहिलेले कोॲक्सियल (मधोमध ट्वीटर बसवलेले स्पीकर), डिकीत १२ इंची बास ट्यूब (नळकांड्याच्या पेटीतला बासचा स्पीकर), तिच्यासाठी दोन चॅनलचा ॲम्प (ॲम्प्लिफायर). सगळं एकदम झेपणार नाही, टप्प्याटप्प्याने घेईन.

यादीतलं आधी काय घ्यावं? स्क्रीनला आरसीए (ॲम्पला सिग्नल देणारं) आउटपुट नाही, मग ॲम्प कसा जोडायचा? आणि डँपिंगवर (पत्र्याची थरथर मारणाऱ्या शीटवर) पैसे घालणं ही उधळपट्टी तर नाही?

ओहमकार

‘३५० वॅट’ आधी खोडून टाका. तो पीक, म्हणजे क्षणभराच्या कमालीचा आकडा आहे. स्पीकर तासन्‌तास किती सोसेल हे आरएमएस सांगतं, आणि तो आकडा डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतो.

स्क्रीनवरच्या ‘४ × ५० वॅट’चीही तीच गत. हिशेब करून बघा. इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. आतली चिप ब्रिज पद्धतीची, म्हणजे स्पीकरच्या दोन्ही तारा उलटसुलट चालवणारी असते, त्यामुळे लाटेचं शिखर फार तर १४.४ व्होल्टपर्यंत जाईल. त्याचं आरएमएस, म्हणजे परिणामी व्होल्टेज, झालं १०.२. त्याचा वर्ग करून ४ ओहमने भागलं की २६ वॅट. चिपमधली घट वजा केली तर न फाटता हाती पडतात जेमतेम १८ ते २० वॅट. तुमचे शब्द फाटतात ते मुख्यतः इथेच. नुसते जाड मॅग्नेटचे स्पीकर लावून ते थांबणार नाही, उलट कमी सेन्सिटिव्हिटीचे घेतलेत तर आवाज आणखी दबेल.

सेन्सिटिव्हिटी म्हणजे ठरावीक पॉवरला स्पीकर किती मोठा वाजतो ते, डीबीत (डेसिबलमध्ये). तिच्यात ३ डीबीचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजाला निम्मी पॉवर पुरते. आकडा वाचताना एक खोच लक्षात ठेवा: काही कंपन्या तो १ वॅटवर देतात, काही २.८३ व्होल्टवर. ४ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॅट. म्हणजे एकाचे ९१ आणि दुसऱ्याचे ८८ हे प्रत्यक्षात सारखेच असू शकतात.

मागच्या दारांना हात लावू नका. पुढे बसणाऱ्याला गायक समोर उभा वाटायला हवा, मागचे स्पीकर तो भास मोडतातच. ते पैसे पुढच्या एका चांगल्या कॉम्पोनंट जोडीत (ट्वीटर वेगळे असलेल्या सेटमध्ये) घाला. बजेटचे १०० भाग धरले तर मी असे वाटेन: पुढची जोडी २५, दोन दारांचं डँपिंग आणि रिंग १५, चार चॅनलचा ॲम्प ३०, वायरिंग १०, सब (सबवूफर, बासचा स्पीकर) आणि पेटी २०. घेण्याचा क्रमही हाच. फक्त वायरिंग ॲम्पबरोबरच घ्यायचं.

जोडी घेताना सोबत क्रॉसओव्हरचा (वरचे सूर ट्वीटरला आणि खालचे मोठ्या स्पीकरला वाटून देणारा) वेगळा डबा आहे का ते बघा. स्वस्त सेटमध्ये ट्वीटरच्या तारेत नुसता एक कपॅसिटर असतो. ४ ओहमला १० मायक्रोफॅरड म्हणजे सुमारे ४ किलोहर्ट्झपासून, ऑक्टेव्हला ६ डीबीचा हलका उतार. माफक आवाजाला चालतं, पण जोरात वाजवलं तर ट्वीटर आधी कर्कश होतो, मग जळतो.

ऑर्डर देण्याआधी जुना स्पीकर काढा, काच पूर्ण खाली घ्या आणि पत्र्यापासून काचेपर्यंत फुटपट्टी लावून खोली मोजा. मॅग्नेट काचेला किंवा काचेच्या पट्टीला लागलं तर तक्रार पहिल्यांदा काच खाली केल्यावरच कळते. जागा कमी पडत असेल तर स्पेसर रिंग टाका, पण साध्या एमडीएफची (लाकडी भुशाच्या दाबीव फळीची) नको. दारात पाणी येतंच, ती फुगते. प्लास्टिकची घ्या.

तारतम्य

जोडणीबद्दल. आरसीए नाही म्हणून स्क्रीन बदलायची गरज नाही. ‘हाय लेव्हल इनपुट’ असलेला ॲम्प घ्या, त्यात स्पीकरच्याच तारा जातात. स्क्रीनमागे गाडीच्या मॉडेलचा कपलर मिळतो. त्यातूनच तारा काढा, मूळ हार्नेस कापू नका. बहुतेक हाय लेव्हल ॲम्प सिग्नल आला की आपोआप चालू होतात. नसेल होत, तर चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या फ्यूजवरून रिमोटची तार आणा.

स्पीकरच्या तारेतली मायनस म्हणजे अर्थ नव्हे! वर सांगितलेल्या ब्रिज पद्धतीत दोन्ही तारांवर जवळपास अर्धं बॅटरी व्होल्टेज असतं. चारही मायनस एकत्र करून बॉडीला टेकवल्या की स्क्रीनच्या आतली चिप गेलीच म्हणून समजा.

तारेची जाडी वॅटवरून नाही, करंटवरून ठरवा. समजा पुढे ६० वॅटचे दोन आणि सबला १८० वॅट, एकूण ३००. क्लास डी ॲम्पची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ३७५ वॅट ओढले जातील, म्हणजे १३.८ व्होल्टवर सुमारे २७ अँपिअर. ८ गेजच्या शुद्ध तांब्याच्या ५ मीटर तारेत तेवढ्याला पाव व्होल्टहून थोडी जास्त घट होते. चालेल. पण बाजारातले बरेच स्वस्त किट तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमचे असतात. त्यांचा रोध साधारण दीडपटीहून जास्त, घट जवळपास अर्धा व्होल्ट. तसलं किट घ्यायचंच असेल तर त्याहून जाड, ४ गेज घ्या (गेजचा आकडा लहान तितकी तार जाड). ओळखायला टोक चाकूने खरवडा: आत चंदेरी दिसलं तर ॲल्युमिनियम. (मात्र कलई केलेलं तांबंही वरून चंदेरी असतं, म्हणून वरचा रंग बघून निर्णय नको, खरवडाच.)

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटीमीटरच्या आत. ८ गेजला ४० अँपिअर. हा फ्यूज ॲम्पसाठी नसतो, तारेसाठी असतो. फायरवॉलच्या पत्र्याच्या कडेवर तारेचं कव्हर घासून सोललं तर शॉर्ट होणार ती हीच तार, आणि फ्यूज ॲम्पजवळ लावला असेल तर मधली ४ मीटर तार उघड्यावर पेट घेईल. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट (कडेचं रबरी कडं) हवाच.

अर्थची तार आखूड, प्लसइतकीच जाड. जागेवरचा रंग चकाकी दिसेपर्यंत खरवडायचा, लग (तारेच्या टोकाचा धातूचा कडीवाला तुकडा) तारेवर दाबून बसवून बोल्टने घट्ट आवळायचा, वरून पुन्हा रंगाचा हात. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका, तो सुरक्षेचा भाग आहे. ट्वीटरच्या तारा पिलरमधून नेताना पडदा एअरबॅगच्या मागून न्या, तिच्यावरून कधीच नाही.

इंजिनचा वेग वाढवला की शिट्टीही चढत गेली, तर घाईने फिल्टर विकत आणू नका. आधी ॲम्पच्या इनपुटचा प्लग काढून बघा. शिट्टी थांबली तर ती सिग्नलच्या बाजूने येते आहे. प्लग काढूनही चालू असेल तर ॲम्पची अर्थ किंवा पॉवर तपासा. बहुतेक वेळा लगखाली रंग राहिलेला असतो.

खर्जातला

क्रमाबद्दल ओहमकारांशी सहमत, बास ट्यूबवर मात्र ते काही बोलले नाहीत. ट्यूब घेऊ नका. ती सहसा पोर्टवाली (पेटीला हवेचं भोक असलेली) असते आणि एकाच सुरावर घुमते. तुम्हाला डग्ग्याचा ‘भद्द’ नकोय ना? मग १० इंची सब आणि बंद पेटी. आतलं माप साधारण १५ ते २० लिटर, नेमकं त्या सबच्या माहितीपत्रकातून घ्यायचं. १८ मिलिमीटर एमडीएफ, आतून सगळे सांधे सीलंटने बंद. बंद पेटीत हवा सुटली की कोन नको तितका हलतो.

चार चॅनलच्या ॲम्पचे मागचे दोन चॅनल ब्रिज करून, म्हणजे एकत्र जोडून, सबला द्याल. ब्रिजला बहुतेक ॲम्प ४ ओहमच्या खाली चालत नाहीत. म्हणून एका कॉइलचा ४ ओहमचा सब घ्या, किंवा २-२ ओहमच्या दोन कॉइल असतील तर सिरीज. ४-४ ओहमचा डबल कॉइल घेतलात की फसलात: पॅरलल केला तर २ ओहम, ॲम्प प्रोटेक्शनला जातो, सिरीज केला तर ८, पॉवर निम्मी.

जागा नसेल तर सीटखालचा ८ इंची ॲक्टिव्ह सब (ॲम्प आतच असलेला) हा पर्याय आहे. ४० हर्ट्झच्या खाली फारसं काही ऐकू येणार नाही, पण भावगीताला तेवढं खालचं लागतंही कुठे.

आणि गेन, ॲम्पवरची सिग्नलची पातळी जुळवायची कळ. हा ‘व्हॉल्यूम’ नाही. व्होल्ट म्हणजे वॅट गुणिले ओहमचं वर्गमूळ. पुढच्या स्पीकरला ६० वॅट, ४ ओहम म्हणजे २४० चं वर्गमूळ, १५.५ व्होल्ट. सबला १८० वॅट, ४ ओहम म्हणजे ७२० चं वर्गमूळ, २६.८ व्होल्ट. स्पीकर सोडवा, इक्वलायझर सपाट, ॲम्पचे फिल्टर बंद, स्क्रीनचा आवाज कमालच्या तीन चतुर्थांशावर. पूर्ण पातळीचा टेस्ट टोन लावा आणि मल्टिमीटर एसीवर ठेवून तेवढे व्होल्ट येईपर्यंत गेन फिरवा. टोन ५० किंवा १०० हर्ट्झचा घ्या. स्वस्त मल्टिमीटर साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच नीट वाचतात, १ किलोहर्ट्झवर खोटं बोलतात. मग फिल्टर: पुढच्या जोडीला हाय पास (फक्त वरचे सूर) ८० हर्ट्झ, सबला लो पास (फक्त खालचे) ८०.

मूळ स्क्रीन असल्यामुळे एक चाचणी जास्तीची. काही स्क्रीन आवाज वाढवला की मूळ स्पीकर वाचवायला बास गुपचूप कापतात. ५० आणि ३०० हर्ट्झचे टोन लावून आवाजाच्या प्रत्येक पायरीला व्होल्ट लिहून काढा. ३०० चे वाढत राहिले आणि ५० चे अडले, तर जिथे अडले त्या पायरीवरच गेन लावा आणि गाणी त्या पायरीपर्यंतच ऐका. नाहीतर डीएसपीवाला (आवाज डिजिटल पद्धतीने दुरुस्त करणारा) ॲम्प लागेल.

तारतम्य

डीएसपीचा विषय निघालाच आहे तर: दोन ॲम्पमध्ये अडलात, एक जास्त वॅटचा आणि दुसरा डीएसपीसह थोड्या कमी वॅटचा, तर दुसरा घ्या. जवळचा स्पीकर ९० सेंटीमीटरवर, लांबचा १४० वर असेल तर ५० सेंटीमीटरचा फरक म्हणजे दीड मिलिसेकंद. जवळच्याला तेवढा उशीर दिला की गायक दारातून उठून डॅशबोर्डवर येतो. वॅट वाढवून हे होत नाही.

नवखा श्रोता

सगळ्यांचे आभार. ट्यूब आणि मागची जोडी यादीतून गेली. डोअर पॅड काढून पाहिलं: आतल्या पत्र्याला दोन मोठी भोकं, वर नुसता पातळ प्लास्टिक कागद काळ्या चिकट गमाने लावलेला. डँपिंग त्या कागदावरच चिकटवायचं का?

ओहमकार

कागदावर नाही. तीच भोकं तुमचा बास खातात. कोन पुढे ढकलतो तेव्हा मागे उलटी लाट तयार होते, ती भोकातून येऊन पुढच्या लाटेला मारते. काम दोन थरांत करा.

पहिला थर बाहेरच्या पत्र्याला, भोकातून हात घालून. पूर्ण झाकायची गरज नाही, मधल्या भागाचा पाव हिस्सा पुरे, स्पीकरच्या बरोबर मागे मात्र नक्की. २ मिलिमीटरचं ब्यूटाइल (फॉइल लावलेली चिकट रबरी शीट) घ्या. डांबरी शीट उन्हात वास मारते आणि ओघळते. पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, धूळ आणि मेण राहिलं तर शीट उन्हाळ्यात सुटून काचेच्या रुळात पडते. रोलरने इतकं दाबा की फॉइलवरची नक्षी सपाट होईल. बोटाच्या सांध्याने ठोकून बघा: आधी ‘टण्ण’ वाजायचं, आता ‘ठप्प’ वाजलं पाहिजे.

दुसरा थर म्हणजे भोकं बंद करणं. नुसतं ब्यूटाइल एवढ्या मोठ्या भोकावर ढोलाच्या कातड्यासारखं हलतं. १ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा तुकडा कापून स्क्रूने बसवा, कडेला सीलंट, वर ब्यूटाइल. स्क्रूच हवेत, कारण काचेची मोटर बिघडली तर तो उघडावा लागेल. कागद काढल्यावर जुना गम पूर्ण साफ करा आणि सगळी सीमा नीट बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी पॅडमागून गालिच्यात उतरेल. दाराच्या तळाच्या निचऱ्याच्या फटी मात्र उघड्याच राहू द्या. लॉकचे रॉड हलतात ना, तेही पॅड लावण्यापूर्वी तपासा. पॅडच्या क्लिपा चारसहा जास्तीच्या आणून ठेवा, तुटतातच.

खर्जातला

सब बसल्यावर एक शेवटचं: ८० हर्ट्झचा टोन लावा आणि ड्रायव्हरच्या जागी बसून सबच्या प्लस-मायनस तारा दुसऱ्याला उलट करायला सांगा. ज्या जोडणीत टोन जास्त भरीव वाटेल तीच ठेवा, तारेचा रंग काहीही सांगत असला तरी.