उद्या पाणी तोडतील म्हणून आजच हल्ला?

प्रश्न (अचलपूर तालुका): रविवारी मंडळीत वाद झाला. शेजारी देश नदी अडवेल या भीतीनं आधीच युद्ध केलं, तर ख्रिस्ती नीतीत बसतं का?

– भाऊ, मध्ययुगीन धर्मपंडित थॉमस अक्विनासच्या न्याय्य युद्धाच्या अटी तीन: अधिकृत सत्ता, न्याय्य कारण, शुद्ध हेतू. इथं दुसरीच ढासळते. स्पॅनिश धर्मपंडित व्हितोरियानं १५३९ मध्येच राज्यविस्तार हे कारण बाद केलं.

– धुऱ्यावर कुऱ्हाड उगारलेला वेगळा, घरी पाजवत बसलेला वेगळा.

– तेच. कॅथलिक धर्मशिक्षण, परिच्छेद २३०९: हानी टिकाऊ, गंभीर, निश्चित, बाकी उपाय थकलेले, यशाची आशा, युद्धानं त्याहून मोठं अरिष्ट नको. लोक 'निश्चित'च्या जागी 'शक्य' वाचतात, तिथंच घोळ.

– बायबलातला नाबोथाचा मळाही वाचा, १ राजे २१. तो मळा हवा असलेला राजा अहाब तर पैसे मोजायला तयार होता! नाबोथाचा नकार मिळाला, म्हणून बळकावायचा हक्क मिळत नाही.