श्रीवर्धनच्या वाडीत गिधाडांचं घरटं, काकांना काय सांगू?

लालबागकर
आम्ही राहतो लालबागला, श्रीवर्धनला नारळाची वडिलोपार्जित वाडी आहे. काका-काकू तिथेच असतात. दिवाळीनंतर घरामागच्या माडावर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांनी घरटं केलंय. विष्ठेने झावळ्या पांढऱ्याफटक पडल्यात, खाली वास मारतो, पाडेली त्या माडावर चढायला तयार नाही. शेजारी म्हणतात, घराजवळ गिधाड म्हणजे अवदसा, शिवाय अंगणातली नातवंडं उचलून नेतील. काका घरटं पाडायच्या बेतात आहेत.

गुरांचा डॉक्टर, मुलुंड
पाडू देऊ नका, आजच फोन करा. पोरांची भीती तर मनातून काढूनच टाका. गिधाडाच्या पायात घारीसारखी पकड नसते, जिवंत काही उचलून नेणं त्याला जमत नाही.

मी पशुवैद्यक, म्हणून पोटतिडकीने लिहितोय. गुरांना दुखण्यावर डायक्लोफिनॅक सर्रास टोचलं जायचं. असं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी. मेलेलं गिधाड उघडलं तर आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचा चुन्यासारखा थर! १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात ९९.९ टक्के घटली. हजारातलं एक उरलं. गुरांसाठी या औषधावर २००६ साली बंदी आली. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, त्यामुळे एक घरटं पाडलं की त्या जोडीचं वर्ष गेलं.

गिरगावची मृणाल
आई सांगते, तिच्या लहानपणी डुंगरवाडीवर, म्हणजे पारशी लोक मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवतात त्या जागी, गिधाडं घिरट्या घालायची. गिधाडं नाहीशी झाल्यावर पारशी समाजाला तिथे सूर्याची उष्णता एकवटणारी उपकरणं बसवावी लागली. तुमच्या वाडीत ती अजून येतात, काकांना हे नक्की सांगा.

लालबागकर
बोललो. पोरांची धास्ती गेली. पण त्या माडाचे नारळ बुडतात, त्याचं काय, असं ते विचारतात.

गुरांचा डॉक्टर, मुलुंड
रास्त आहे, नुकसान त्यांनी एकट्याने का सोसावं? वनखात्याच्या स्थानिक कार्यालयात घरट्याची लेखी नोंद करा आणि भरपाईचं तिथेच विचारा. गिधाडाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, घरटं पाडणं गुन्हा ठरेल. पिल्लू उडेपर्यंत, म्हणजे साधारण उन्हाळ्यापर्यंत, तेवढा एक माड सोडा, बाकीच्यांचा पाडा चालू ठेवा. आणि वाडीत गाय-म्हैस असेल तर दुखण्याचं इंजेक्शन देताना बाटलीवरचं नाव वाचा. किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवरही २०२३ मध्ये बंदी आली आहे. मेलॉक्सिकॅम मागा.