मदत हवी आहे: सांगलीत सुट्टीवर असतानाच नोकरी गेली, एच१बीचं आता काय?

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतोय, लांबला तर सांभाळून घ्या, दोन रात्री झोप नाही.

मी विश्रामबागचा, सध्या न्यू जर्सीत एडिसनला असतो, एच१बीवर (कंपनीमार्फत मिळणारा अमेरिकेतला कामाचा व्हिसा) पावणेपाच वर्षं झाली. धाकट्या भावाच्या लग्नाला बायको-पोरीला घेऊन तीन आठवडे आलो. मिरजेत कार्यालय, मंगळवारी हळद. आणि सोमवारी रात्री साडेनऊला मॅनेजरचा मेसेज, पाच मिनिटं कॉलवर ये. कॉलवर एचआरची बाई आधीच बसलेली, तिथंच कळलं. लॅपटॉप त्याच रात्री बंद, पगार या महिन्याच्या ३० तारखेपर्यंत. खाली मांडववाला बाबांशी खुर्च्यांच्या हिशोबावरून भांडत होता आणि मी गच्चीवर फोन हातात धरून उभा. लग्न पार पडेपर्यंत फक्त बायकोला सांगितलं. हळदीच्या फोटोत माझं तोंड कसं आलंय ते विचारू नका.

परवा बाबांना सांगितलं. ते साखर कारखान्यात अकाउंट्सला होते, कागद बघितल्याशिवाय बोलत नाहीत. पासपोर्ट मागून घेतला, चष्मा लावला, स्टिकर वाचला आणि म्हणाले, "अरे ऑगस्ट २०२७ पर्यंतचा आहे की व्हिसा, मग बिघडलं काय?" आता यांना काय सांगू? खरं सांगायचं तर माझाही गोंधळ तोच आहे.

नोकरी गेली की नवी शोधायला किंवा आवरून निघायला ६० दिवस मिळतात हे तिथं सगळ्यांना पाठ असतं, ऑफिसात चहा घेताना आम्हीच एकमेकांना सांगायचो, पण मी तर आत्ता अमेरिकेत नाहीच, मग ते ६० दिवस मला आहेत का, आणि असले तर कॉल झाला त्या दिवसापासून मोजायचे का ३० तारखेपासून? पासपोर्टवरचा स्टॅम्प (तोच व्हिसाचा स्टिकर) चालू आहे तर ठरलेल्या तिकिटावर सरळ परत जाऊ का, निदान कार विकून घर तरी आवरता येईल, लीज अजून पाच महिने आहे, फ्रिजमध्ये काय काय सडत असेल देव जाणे. बायको एच४वर (एच१बीवाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा), तिचंही माझ्यावरच अवलंबून. पोरगी चार वर्षांची, तिचा पासपोर्ट अमेरिकन, म्हणजे घरातून आज बिनदिक्कत जाऊ शकेल अशी ती एकटीच. आय-१४० (कंपनीनं भरलेला ग्रीन कार्डसाठीचा अर्ज) मंजूर होऊन दीड वर्ष झालंय, कंपनीनं ते मागं घेतलं तर? आणि नव्या कंपनीनं घ्यायचं म्हटलं तर परत एच१बीची लॉटरी लागते का, वर ते एच१बी अर्जाच्या एक लाख डॉलर फीचं काय प्रकरण आहे? वकिलाशी बोलणार आहेच, पण आधी अनुभव असलेल्यांनी सांगा. मित्रांसाठी घेतलेलं पाच किलो भडंग तसंच पडलंय.

कृष्णाकाठ:
दादा, आधी बाबांना एवढंच सांगा की स्टिकर म्हणजे गेटपास. दारापर्यंत जायला चालतो. आत राहायचा हक्क त्या कंपनीच्या नोकरीला बांधलेला असतो, नोकरी गेली की स्टिकर चांगला दिसत असला तरी उपयोग नाही. ६० दिवसांची सवलत जानेवारी २०१७ पासून आहे पण ती अमेरिकेत असणाऱ्याला, आणि तीही जास्तीत जास्त, आय-९४ (अमेरिकेत राहायच्या मुदतीची नोंद) त्याआधी संपत असेल तर तेवढीच. तुम्ही बाहेर आहात, तुमचं काही मोजायला सुरूच होत नाही. एका अर्थी बरंच, घड्याळ डोक्यावर नाही.

गाववाला_एडिसन:
कार आवरायला म्हणून एच१बीवर अजिबात जाऊ नका!! एअरपोर्टवर विचारलं कुठं काम करता, तर काय सांगणार? जुन्या कंपनीचं नाव घेतलं आणि नंतर उघड झालं तर खोटं बोलून प्रवेश घेतला असं लागतं आणि तो डाग जन्मभराचा. ३० तारखेपर्यंत पगार आहे म्हणून आत्ताच घुसतो असा विचार डोक्यात असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय विमानात पाय ठेवू नका. फक्त सामानासाठी जायचं तर बी२ (पर्यटक) व्हिसा वेगळा काढावा लागेल, त्यापेक्षा मित्राला किल्ली द्या. मी इथंच आहे, बघतो काहीतरी.

कृष्णाकाठ:
बाकीचं सांगतो. लॉटरी नाही, तुम्ही एकदा एच१बीच्या वार्षिक कोट्यात मोजले गेलात, एच१बीवर मिळणाऱ्या सहा वर्षांतली उरलेली मुदत तुमचीच. पण तिथं असणारे नव्या कंपनीनं अर्ज भरल्या भरल्या कामाला लागतात, तुम्हाला मंजुरी येईपर्यंत थांबावं लागेल. प्रीमियम (लवकर निकालासाठीची जादा फी) भरलं तर १५ कामाच्या दिवसांत उत्तर येतं. मंजुरी आली की नव्या कंपनीचा आय-७९७ (मंजुरीची नोटीस) आणि हाच जुना स्टॅम्प यावर जाता येतं, त्याच्यावर जुन्या कंपनीचं नाव असलं तरी चालतं. एक लाख डॉलर २१ सप्टेंबर २०२५ पासूनच्या नव्या अर्जांना, जे बाहेर आहेत आणि ज्यांच्याकडे चालू एच१बी व्हिसा नाही त्यांच्यासाठी. म्हणजे बाबा म्हणतात ते अगदीच फुकट नाही, तो ऑगस्ट २०२७ तुम्हाला इथं वाचवतोय. कंपन्यांच्या एचआरला हे पटवावं लागतं मात्र, बरेच जण बाहेरचा माणूस म्हटलं की फोन ठेवतात.

आय-१४० ला १८० दिवस होऊन गेलेत ना, मग त्यांनी मागं घेतलं तरी ते रद्द होत नाही, आणि प्रायॉरिटी डेट (ग्रीन कार्डच्या रांगेतली तुमची तारीख) तर जातच नाही.

हळदवाडी:
नोकरीवरून काढलं तर परतीच्या प्रवासाचा वाजवी खर्च कंपनीनं द्यायचा असतो असं वाचलंय?

धागाकर्ता:
हो, कायदा आहे तसा. पण मी स्वतःच्या तिकिटानं आधीच घरी येऊन बसलोय, त्यांचं काम मीच केलं :)

सगळ्यांचे खूप आभार. परतीचं तिकीट रद्द केलं, बायको थोडी रडली पण ठीक आहे. वकीलही जवळपास हेच बोलला. गाववाले, किल्ली शेजारच्या गुजराती काकूंकडे आहे, त्यांना सांगून ठेवतो, फ्रिज तेवढा पहिल्यांदा उघडा आणि नाकाला रुमाल लावून उघडा.

अजून एक. वकील म्हणाला सहा वर्षांत जेवढे दिवस अमेरिकेबाहेर होतो ते परत मागता येतात. हे बाबांनी ऐकलं आणि कालपासून पासपोर्टचे शिक्के, बोर्डिंग पास घेऊन कारखान्याची जुनी वही उघडून बसलेत. त्यांचे ७३ निघतात, माझे ६९. चारचा फरक कुठला ते सापडेपर्यंत जेवायला उठणार नाहीत.

कृष्णाकाठ:
प्रवासाचे दिवस धरले असतील त्यांनी. पूर्ण २४ तास बाहेर असलेलेच दिवस मोजतात. दोन ट्रिप झाल्या का?

धागाकर्ता:
दोनच. सांगतो त्यांना.